झुंबरबाईची राजी

काचेतून बघत बसायची खोड झुंबरबाईला गोटी सोड्याच्या कारखान्यात लागली. शिवाजी पेठेतल्या एका बोळात तो कारखाना होता. कारखाना म्हणजे दोन खोल्या, गॅस भरायचं एक यंत्र आणि अंगणात सिमेंटचा हौद. लग्न होऊन ती गारगोटीकडच्या वाडीतून कोल्हापुरात आली आणि दुसऱ्याच महिन्यात त्या हौदावर बसली. सतरा वर्षं तिनं बाटल्या धुतल्या, हिरवट, जाड काचेच्या, गळ्यात गोटी अडकलेल्या. धुतलेली बाटली उन्हाकडं धरायची आणि बघता बघता तिचा हात थांबायचा. बाटलीत अंगण तिरपं व्हायचं, समोरचा लिंब पाण्यात बुडाल्यागत दिसायचा, बोळातली माणसं लांबट होऊन तरंगत जायची.

"झुंबरे, कुठं गेलीस?" मालक आतून ओरडायचा.

"हितंच हाय की," ती म्हणायची. पण तेवढा वेळ ती तिथं नसायची.

तिचा नवरा पिराजी बँडात क्लॅरनेट वाजवायचा. लगीनसराईत पायाला भिंगरी, आणि पावसाळ्याचे चार महिने घरात बसून वाद्याला तेल लावायचं काम. तो म्हणायचा, "आमची ही जागेपणी झोपती आणि झोपेत बोलती. माझं बरं चाललंय, दोन बायका असल्यागत हाय."

शहाण्णव साली कारखाना बंद पडला. प्लास्टिकच्या बाटल्यांतलं रंगीत पाणी गल्लोगल्ली आलं होतं, गोटी सोडा कोण पिणार? बँडमास्तरांच्या ओळखीनं झुंबरबाईला एका सायन्स कॉलेजात काचसामान धुवायचं काम मिळालं. दुसऱ्या मजल्यावर, व्हरांड्याच्या टोकाला मोरी, आणि मोरीशेजारी खिडकी. परीक्षानळ्या, चंचुपात्रं, पिपेटी. सोड्याच्या बाटलीपुढं ही काच म्हणजे कांद्याचा पापुद्रा. पहिल्या आठवड्यात तिनं तीन नळ्या फोडल्या, पुढच्या सहा वर्षांत एकही नाही.

दोन हजार दोन साली श्रुती मॅडम आली. जयसिंगपूरची पोरगी, पुण्याला शिकलेली, रोज एस.टी.नं येऊन-जाऊन करायची. व्हरांड्याच्या टोकाला अडगळीची एक खोली होती. ती तिनं साफ करून घेतली, लाकडी पार्टिशन टाकून आत आणखी एक छोटी खोली केली आणि तिच्यात एक लोखंडी कपाट ठेवलं. त्या कपाटात कायम माणसाच्या अंगाएवढी ऊब असायची. आत जाताना चपला बाहेर, अंगावर पांढरा डगला, हातात मोजे. स्टोअर सांभाळणारे आण्णा म्हणाले, "देवघराला सुदिक एवढं सोवळं नसतंय."

पुढच्या वर्षी, दिवाळी झाल्यावर, श्रुती एका सकाळी धावतच जिना चढून आली. "आण्णा, राजी आली!"

झुंबरबाईनं मोरीतून मान वर केली. "कोण पावणी आली, म्याडम?"

श्रुती हसली आणि हातातली चपटी काचेची बाटली तिनं खिडकीशी धरली. तळाला बोटभर गुलाबी पाणी होतं.

"ह्यात?" झुंबरबाईनं विचारलं.

"ह्यात. राजी म्हणजे पेशी आहेत, मावशी. माणसाच्या. लाखो असतील, पण डोळ्यांना दिसायच्या नाहीत. रोगाच्या पेशी आहेत, कॅन्सरच्या, म्हणून मोजे घातल्याशिवाय हात लावायचा नाही."

झुंबरबाईला रोगाचं ऐकू आलं आणि नावही ऐकू आलं. डोक्यात राहिलं ते नाव. राजी. दोन वेण्या घातलेली, कुणी काही सांगितलं की मान हलवणारी एखादी पोरगी असावी, तसं.

ती राजी पाच दिवसांत मेली. श्रुतीनं पुण्याहून पुन्हा आणली, तीही मेली. तिसऱ्या वेळी श्रुती त्या लोखंडी कपाटासमोर स्टुलावर बसून राहिली, डगलाही काढला नाही. पेशी जगल्या-वाढल्या की गुलाबी पाणी हळूहळू पिवळट होतं, म्हणायची. हिचं पाणी गुलाबीच्या गुलाबी राहिलं होतं आणि तळाला राखेसारखा गाळ बसला होता.

झुंबरबाई दाराबाहेर उभी होती. तिला एक गोष्ट दोन महिने ठाऊक होती. कुणी विचारलं नव्हतं म्हणून ती बोलली नव्हती.

"म्याडम, एक बोलू का? काच धुतल्यावर बोलत न्हाई."

"काय?"

"आण्णांनी नवी पावडर आणल्यापासनं. जाईच्या वासाची हाय बगा ती. किती बी खळबळा, पाणी भरून हलवलं की कडंला बुडबुडं थांबत्यात. साबण काचंत बसलाय. सोड्याच्या बाटलीत साबण राहिला तर गिऱ्हाइकाच्या जिभंला कळायचा. हिला कळत नसंल व्हय?"

श्रुतीनं तिच्याकडं पाहिलं, मग एक धुतलेली बाटली उचलून पाणी घातलं आणि हलवली. काठाशी बारीक बुडबुड्यांची माळ धरली आणि ती मोडेना.

त्या दिवशी जाईची पावडर संडास धुवायला गेली. झुंबरबाईनं धुण्याचा साधा सोडा मागितला. उकळत्या पाण्यात भिजवणं, नळाखाली सात पाण्यानं धुणं, मग वाफेचं डिस्टिल्ड पाणी तीनदा. प्रत्येक बाटली कानाशी धरून ती नखानं टिचकी मारायची. श्रुती विचारायची, "काय म्हणतीय?" झुंबरबाई म्हणायची, "आणि एकदा धू म्हणतीया."

चौथी राजी जगली. आठव्या दिवशी बाटलीतलं पाणी उन्हात धरलेल्या लिंबाच्या सरबतासारखं झालं, आणि श्रुतीनं झुंबरबाईला आत बोलावून सूक्ष्मदर्शकाच्या, तिच्या भाषेत दुर्बिणीच्या, स्टुलावर बसवलं. "एक डोळा मिटू नका. दोन्ही उघडे ठेवा."

आधी नुसता उजेड दिसला. मग त्या उजेडात काहीतरी हललं. तुतीच्या फळांचे असावेत तसे घोस, एकेक दाणा गोल, चमकता, कडेला निळसर रेघ. श्रुतीनं बाटलीला बोट लावलं तसे सगळे घोस मिळून एका बाजूला वाहत गेले आणि पुन्हा सावकाश थांबले. आवाज नव्हता, वर-खाली नव्हतं. झुंबरबाईला वाटलं, आपणही त्यांच्यातच आहोत, गुलाबी पाण्यात, आपल्याला वजन नाही.

"मावशी? दहा मिनिटं झाली."

"हितंच हाय की," झुंबरबाई म्हणाली.

त्या दिवसापासून ती विचारायला लागली. डब्याच्या वेळी दोघी मोरीच्या खिडकीत बसायच्या. श्रुतीला सांगायला आवडायचं, कारण कॉलेजात तिला बाकी कुणी काही विचारत नव्हतं.

"आपल्या रक्तात राखणीच्या पेशी असतात, मावशी. बाहेरून रोगाचं काही शिरलं की त्यांना निरोप जातो, वाढा, एकाच्या दोन व्हा. निरोप जातो कसा? शेजारची पेशी येऊन हिच्या अंगावरची एक खुंटी धरते. खुंटीचं दुसरं टोक आत असतं. तिथून एकाकडून दुसऱ्याकडं, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडं असा तो निरोप पार गाभ्यापर्यंत पोचतो. काम झालं की शेजारीण हात सोडते. निरोप थांबतो. पेशी गप्प बसते, आणि तिची वेळ भरली की मरते."

"बरं. मग राजीचं काय बिनसलंय?"

"राजीच्या आत एक विषाणू आहे. तो पेशीला मारत नाही, लपून राहतो. आणि पेशीच्याच कारखान्यात स्वतःची एक खुंटी बनवून घेतो. बाहेरून वेगळी, पण आतलं टोक निरोप द्यायला अगदी तयार. ह्या खुंट्या आपल्या आपण एकमेकींना धरतात. बाहेरून कुणी यायची गरजच नाही. आतली निरोप नेणारी माणसं बिचारी धावत सुटतात. वाढा, मरू नका. वाढा, मरू नका. पेशीला वाटतं, बाहेरून हुकूम आलाय."

झुंबरबाईनं भाकरीचा तुकडा हातातच धरला होता. "म्हंजी अंगात आल्यागत."

श्रुती मोठ्यानं हसली. मग हसणं थांबवून म्हणाली, "अंगात आलेलं उतरतं तरी, मावशी. हे उतरत नाही. मला तेच बघायचंय. तो निरोप मधेच कुठं अडवला तर काय होतं ते."

"आणि त्यो इषाणू आमच्यात शिरला तर?"

"तो तुमच्यात असणारच. माझ्यातही. लहानपणी एकमेकांचं उष्टंपाष्टं खाताना येतो आणि जन्मभर राहतो. बहुतेकांना काहीसुद्धा करत नाही. राखणीच्या दुसऱ्या पेशी त्याला दाबून ठेवतात. एखाद्याच्यात आणखी चार गोष्टी बिघडल्या तरच."

त्या संध्याकाळी झुंबरबाई चालत घरी गेली ती रस्त्याकडं बघतच. भाजीवाली, रिक्षातली दोन माणसं, मैदानावरून फुटबॉल काखेत घेऊन येणारी पोरं, तालमीच्या पायरीवर बसलेला म्हातारा. सगळ्यांच्या आत तो झोपलेला. एकाच घासातून ह्याच्याकडून त्याच्याकडं गेलेला, आईच्या बोटावरून पोराच्या तोंडात. तिला भीती वाटली नाही. उलट सगळं गाव आतून एका दोऱ्यानं ओवल्यासारखं वाटलं आणि ती घराच्या पुढं चार दारं निघून गेली.

"तुझी राजी काय म्हणतीया?" पिराजी रोज विचारायचा.

"मरत न्हाई म्हणतीया."

"बरं हाय. आपल्याला तरी कुठं मरायचंय?"

दोन हजार पाचच्या जुलैत पंचगंगा वर आली. शुक्रवार पेठेत पाणी शिरलं, शिरोळ तालुक्याच्या वाटा बंद झाल्या, वीज गेली. कॉलेजला सुट्टी होती. तरी झुंबरबाई सकाळी चालत गेली. आण्णा किल्ल्या घेऊन बसले होते. कॉलेजचं जनरेटर आदल्या दिवशी डिझेल संपून बंद पडलं होतं, आणि पेट्रोलपंपावर डिझेल नव्हतं. झुंबरबाई वर जाऊन कपाटाचा काटा बघून आली तेवढ्यात ऑफिसातला फोन वाजला. जयसिंगपुराहून श्रुती बोलत होती. आण्णांनी रिसीव्हर झुंबरबाईच्या हातात दिला.

"मावशी, कपाट किती दाखवतंय?"

"काटा तिसावर आलाय, म्याडम. उतरतोयच."

पेशी गोठवून साठवायची सोय तेव्हा त्या कॉलेजात नव्हती. तीन महिने एकेका मापानं रसायन सोसायला लावून तयार केलेली, पुण्याहून पुन्हा आणता न येणारी राजी त्या दोनच बाटल्यांत होती. श्रुती म्हणाली, "राहू दे. मला येता येत नाही. इथं रस्त्यावर होड्या चालल्यात. तिला अंगाएवढी ऊब लागते, आता कुठून आणणार?"

"अंगाएवढीच न्हवं? मग अंग हाय की."

"मावशी, नको, थांबा..." आणि फोन बंद पडला.

झुंबरबाईनं मोजे चढवले. दोन्ही बाटल्यांची बुचं घट्ट केली, वरून चिकटपट्टी लावली, स्पिरिटनं पुसल्या, प्लास्टिकच्या पिशवीत घातल्या, पिशवीवर जुन्या लुगड्याच्या घड्या. मग ते गाठोडं पोटाशी बांधून ती त्या छोट्या खोलीत भिंतीला टेकून बसली. आण्णांनी खोलीच्या दारात सतरंजी आणून टाकली आणि ते खाली गेले.

दोन दिवस ती तिथं होती. पिराजी गुडघाभर पाण्यातून भाकरी आणि मिरचीचा खर्डा घेऊन आला. तिच्याकडं बघून म्हणाला, "ह्या वयात?" आणि हसत हसत दाराशी बसला. लग्नाला पंचवीस वर्षं झाली होती, पाळणा हलला नव्हता, आणि त्यावर दोघांत चेष्टा करायची ती दोघांनीच. त्यानं तिला घास भरवले, कारण तिला वाकता येत नव्हतं.

खिडकीतून दिसायचं ते सगळं पाणी. शेतं नव्हती, बांध नव्हते, ढगाच्या आणि पाण्याच्या मधली रेघ नव्हती. दुपारी पाऊस थांबला की सगळीकडून एकच राखाडी उजेड यायचा आणि झुंबरबाईचे डोळे मिटायचे. एकदा तिला दिसलं की मोरीवर राजी बसली आहे, पाठमोरी, दोन वेण्या सोडून, आणि पाण्यात हात घालून काहीतरी खळबळते आहे. "काय धुतीस गं?" झुंबरबाईनं विचारलं. पोरगी वळली नाही. नुसती मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही. जाग आली तेव्हा पोटाशी गाठोडं घामानं ओलसर आणि कोमट होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी वीज आली आणि बाटल्या पुन्हा कपाटात गेल्या. श्रुतीला यायला आणखी पाच दिवस लागले. आली ती आधी ओरडली. "फुटली असती म्हणजे? काच पोटात गेली असती! कुणी सांगितलं होतं?" मग मोजे घालून दुर्बिणीवर बसली. बराच वेळ बसली. मग उठून म्हणाली, "निम्म्या गेल्या. निम्म्या आहेत. चालेल."

झुंबरबाई खुशीत होती. "मला दिसली म्याडम ती. दोन येण्या हुत्या."

श्रुतीनं डगला काढला, घडी घातली, पुन्हा उलगडला. "मावशी, मी तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं. राजी मुलगी नाही. आफ्रिकेतल्या एका मुलाच्या पेशी आहेत त्या. अकरा वर्षांचा होता. गाल सुजला होता, जबड्यात गाठ. चाळीस वर्षांहून जास्त झाली. त्या गाठीतल्या पेशी काढून वाढवल्या, आणि त्या अजून वाढतायत, जगभर. त्याच्याच नावावरून नाव पडलं म्हणतात."

"आणि पोरगा?"

"तो कशाला राहतोय. त्या वेळी त्यावर फारसे उपाय नव्हते."

झुंबरबाई खाली बसली. खिडकीबाहेर पूर ओसरून चिखल दिसत होता. "त्याच्या आईला म्हाईत हाय का, अजून त्याचं काय तरी जितं हाय म्हणून?"

"मला नाही वाटत. तेव्हा कुणाला विचारायची रीतच नव्हती."

"म्हंजी राजी हाईस का, असं राजीला कुणी इचारलंच न्हाई."

श्रुतीनं नुसती मान हलवली.

त्यानंतर झुंबरबाई बाटल्या पूर्वीसारख्याच धुवायची, पण दुर्बिणीत बघायला जाईना. पिराजीनं विचारलं तर म्हणाली, "परक्याचं पोर निजलंय, सारखं तोंड काय बघायचं?" पण कपाटाचा काटा मात्र ती आल्या आल्या आणि जाताना बघायची.

दोन हजार सातच्या जानेवारीत श्रुतीचा प्रयोग जमला. निरोप नेणाऱ्यांच्या वाटेत आडवं पडणारं एक रसायन तिनं राजीला दिलं होतं. तिनं मोरीपाशी येऊन सांगितलं, "मावशी, आज बघायला या. नाही म्हणू नका."

एका बाटलीत रसायन नव्हतं. तिथं तुतीचे घोस तसेच, भरलेले, चमकते. दुसरीत घोस मोडले होते. दाणे सुटे झाले होते, आकसलेले, कडेनं फोड आल्यासारखे, आणि एकेक करून विरत चालले होते.

"निरोप थांबला," श्रुती हळू म्हणाली. "मग त्यांना त्यांचं मरण आठवलं. हे औषध नव्हे, माणसाला देता येत नाही हे. पण वाट कळली. निदान एक."

झुंबरबाई बराच वेळ बघत राहिली. पोटाशी धरून तिनं जे जगवलं ते हेच, आणि ते मरावं म्हणून हिनं तीन वर्षं घातली तेही हेच. आपल्याला रडू येईल असं तिला वाटलं होतं. आलं नाही. उन्हातून आल्यावर कुणीतरी डोक्यावरची पाटी उतरून घ्यावी तसं मानेला हलकं वाटलं.

"दमला हुता पोरगा," ती म्हणाली.

त्या बाटल्या तिनं त्या दिवशी शेवटी धुतल्या, वेगळ्या.

त्याच उन्हाळ्यात श्रुतीला पुण्याच्या एका संस्थेत जागा मिळाली. प्रयोगातली राजी बरोबर न्यायची होती. एव्हाना कॉलेजच्या ओळखीतल्या जनावरांच्या डॉक्टरांकडून द्रव नायट्रोजनचं एक छोटं कॅन मिळालं होतं, म्हशी फळवायच्या रेताच्या कांड्या ज्यात गोठवून ठेवतात तसलंच. झाकण उघडलं की पांढरी वाफ जमिनीवर उतरायची आणि पायांना गार लागायची. राजीच्या पाच कुप्या त्यात सोडल्या. झुंबरबाई आणि पिराजी स्टँडवर पोचवायला आले. पिराजीनं बॅग वर टाकली, झुंबरबाईनं कॅन श्रुतीशेजारच्या रिकाम्या सीटवर ठेवून त्याला दोरी बांधली.

कंडक्टर तिकिटं फाडत मागं आला. कॅनला पंचनं टकटक केलं. "ह्यात काय हाय? रेड्याच्या कांड्या व्हय? शीट अडवायचं न्हाई, पावणं. खाली ठेवा."

श्रुती काही बोलणार तेवढ्यात झुंबरबाई मधे झाली. "पोरगं हाय."

"काय?"

"अकरा वर्षांचं पोरगं हाय. अर्धं तिकीट फाडा."

कंडक्टरनं झुंबरबाईकडं पाहिलं, श्रुतीकडं पाहिलं, झाकणाच्या फटीतून निघणाऱ्या वाफेकडं पाहिलं. आणि काय वाटलं कोण जाणे, त्यानं एक पूर्ण आणि एक अर्धं, अशी दोन पुण्याची तिकिटं फाडून श्रुतीच्या हातात ठेवली.

"खिडकी लावून घ्या मग," जाता जाता तो म्हणाला. "वारं लागंल त्येला."